विषय: टर्बो पेट्रोल इंजिन ऑइल खातं आणि तुम्ही त्याला ‘नॉर्मल’ म्हणता, याबद्दल लेखी तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा व तांत्रिक विभाग

तुमच्या विभागीय तांत्रिक अधिकाऱ्याचा आजचा फोन शेवटचा. इथून पुढं जे काय ते लेखी. इंजिन तुमचंच आहे, त्यामुळं त्याची माहिती देत बसत नाही.

गाडी 58,000 किलोमीटर चाललेली, एक्स्टेंडेड वॉरंटी चालू. ऑइल कन्झम्प्शन टेस्ट तुमच्याच वर्कशॉपनं घेतली. इंजिन गरम करून, बंद करून दहा मिनिटं थांबून, सपाट जागेवर लेव्हल फुल्ल केली; ड्रेन बोल्ट, फिल्टर, ऑइलची लेव्हल बघायची पट्टी म्हणजे गेज, आणि झाकण, सगळ्याला सील मारलं. 1,000 किलोमीटरनंतर 720 मिली ऑइल कमी. सील शाबूत, खाली एक थेंब गळती नाही. तुमच्या पुस्तिकेतली मर्यादा 1,000 किलोमीटरला अर्धा लिटर. म्हणजे इंजिन नापास. तरी जॉब कार्डवर ‘निरीक्षणाखाली’ एवढंच लिहून गाडी परत दिली.

बरं, 720 सोडून द्या. तुमचाच अर्धा लिटर धरा. इंजिनाच्या चेंबरमध्ये ऑइल बसतं 4.6 लिटर. गेजवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत फरक एक लिटरचा. सर्व्हिस तुम्ही सांगता 15,000 किलोमीटरला. म्हणजे तुमच्या मते धडधाकट असलेल्या इंजिनात 2,000 किलोमीटरलाच लेव्हल खालच्या खुणेवर येणार आणि सर्व्हिसच्या दिवसापर्यंत साडेसात लिटर ऑइल जळणार. चेंबर 4.6 लिटरचं असताना! पुस्तिकेत हे दोन आकडे छापताना ते एकमेकांशेजारी ठेवून कुणी बघितलेच नाहीत का? लाल दिवा लागतो तो लेव्हल कमी झाल्यावर नव्हे, ऑइलचं प्रेशर गेल्यावर. लेव्हल कमी असताना घाटाच्या वळणावर ऑइल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो, आणि पहिला मार बसतो तो टर्बोच्या शाफ्टला आणि क्रँकच्या बेअरिंगांना.

आता आजचं बोलणं. ते जसं झालं तसं लिहितो, कारण तुमच्याकडं कॉल रेकॉर्ड असेलच.

“सर, परफॉर्मन्स इंजिन आहे, थोडं ऑइल घेणारच.” थोडं म्हणजे किती, विचारलं. “एक लिटरपर्यंत चालतं.” पुस्तिकेत अर्धा लिटर छापलंय, म्हटलं. “पुस्तिका जनरल असते, सर.” मग, “गाडी घाटात दामटता का?” आणि मग, “तुमच्या बॉर्डर साइडला पेट्रोलच तसलं मिळतं, त्यात कंपनी काय करणार?” शेवटी, “डिकीत एक डबा ठेवा, टॉपअप करत राहा. बाकीचे कस्टमर पण तेच करतात.”

बॉर्डर साइड! गाडी विकताना, रोड टॅक्स भरून घेताना बेळगाव तुम्हाला बॉर्डर साइड वाटलं नाही. आणि तांत्रिक अधिकारी म्हणवणाऱ्यानं एवढं तरी जाणावं: पेट्रोल पिस्टनभोवतीच्या रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळलं तर गेजवरची लेव्हल वाढते, ऑइल पातळ होतं, वास येतो. खराब पेट्रोलनं इंजिन नॉक करतं, मिसफायर होतं, स्कॅनरला बिघाडाचा कोड येतो. इथं कोड नाही, वास नाही, लेव्हल घटतेय. घाटाचं म्हणाल तर जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून साखळीला जाणं हा आमच्याकडचा गोव्याचा नेहमीचा रस्ता आहे, शर्यतीचा ट्रॅक नव्हे.

दोष कुठं आहे तेही बघून ठेवलंय. लीक-डाउन टेस्टमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबानं हवा भरून ती किती सुटते हे बघितल्यावर, एक, दोन आणि चार नंबर सिलिंडरची गळती 10 टक्क्यांच्या आत, तीन नंबरची 28 टक्के. हवा सुटल्याचा आवाज सायलेन्सरमधून नाही, थ्रॉटलमधून नाही, ऑइल भरायच्या तोंडातून येतो. म्हणजे व्हॉल्व्ह नव्हे, रिंगा. कॅमेरा आत घातल्यावर तीन नंबरच्या पिस्टनचा माथा मधे कार्बननं जाड आणि कडेनं धुतल्यासारखा चकचकीत दिसतो; ऑइल कडेनं वर येतंय याची याहून स्वच्छ खूण नाही. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही रिबोरिंगवाल्याला हा फोटो दाखवा, तो दुसरं काही सांगणार नाही.

कारण तुम्हाला माहीत आहे. मायलेजसाठी बारीक, कमी ताणाच्या ऑइल रिंगा घालायच्या, टर्बोमुळं पिस्टन जास्त तापणार, आणि त्यावर तेच ऑइल 15,000 किलोमीटर चालवायचं. ऑइल परत जायची भोकं राळेनं बुजतात, रिंग खाचेत चिकटते. टोयोटाच्या टूएझेड-एफई या 2.4 लिटर इंजिनाला आणि ऑडीच्या दुसऱ्या पिढीच्या 2.0 लिटर टर्बोला ऑइल खायचा दोष होता. तिथं पिस्टन आणि रिंगा बदलून देण्यात आल्या. डिकीत डबा ठेवणं हा उपाय नव्हता.

वर तुमच्या वर्कशॉपनं आधीच्या सर्व्हिसला एपीआय एसएन या जुन्या दर्जाचं ऑइल घातलंय, बिलावर तसं छापलंय. पुस्तिकेत त्यानंतरचा एसपी दर्जा मागितलाय. तो दर्जा 2020 मध्ये आला तो अशाच इंजिनांसाठी. चढावर तुमचा गिअरबॉक्स 1,500 आरपीएमला वरचा गिअर धरून बसतो आणि टर्बो पूर्ण दाब देतो, तेव्हा ऑइलचा थेंब ठिणगीआधीच पेटतो आणि पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. ऑइल खाणाऱ्या इंजिनात हा धोका आणखी वाढतो. शिवाय जळालेल्या ऑइलमधल्या फॉस्फरसनं धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, तो खर्च वेगळा.

मागणी अशी. इंजिन उघडा. चारही पिस्टन सुधारित रिंगांसह बदला, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास मोजून माप लेखी द्या, इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन आक्रोडाच्या टरफलांच्या भुग्यानं साफ करा, कन्व्हर्टर तपासा. हे सगळं वॉरंटीत. आणि ऑइल 7,500 किलोमीटरला बदलायचं, हे तुमच्या सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. 15,000 आणि अर्धा लिटर एका इंजिनात बसत नाहीत, पुन्हा सांगतो.

तुमचं नाव बघून जास्त पैसे मोजले होते. पिकअपबद्दल आजही तक्रार नाही, उत्तम आहे. त्याच इंजिनाला साठ हजाराच्या आत मरायला सोडता, याचं वाईट वाटतं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली बेळगावच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल होईल. ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात ती करता येते, तुमच्या मुख्यालयाच्या गावी यायची गरज नाही. इंजिनाची तपासणी प्रयोगशाळेकडून करून घ्यावी असा अर्जही सोबत जाईल. टेस्टचा कागद, ऑइलचं बिल आणि तीन नंबर पिस्टनचा फोटो जोडला आहे.

गाडीमालक,
टिळकवाडी, बेळगाव