रक्ताळलेल्या खादीला उजेड किती सोसतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अंगावर असलेली रक्ताळलेली वस्त्रे दिल्लीत राजघाटासमोरच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात जपलेली आहेत. मदुराईच्या गांधी संग्रहालयातही त्या दिवसाचे एक वस्त्र आहे. अशा दालनांत ‘दिवे वाढवा, नीट दिसत नाही’ ही मागणी नेहमीच होते. श्रद्धेपोटी होते, पण ती कदापि मान्य करू नये.

जुन्या सुती कापडावर ५० लक्सहून (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेड नको. रोज ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर एवढ्या मंद उजेडातही १,२०,००० लक्स-तास (लक्स गुणिले तास, म्हणजे कापडाने सोसलेला एकूण उजेड) भरतात. अतिसंवेदनशील वस्तूंची वर्षाची मर्यादा आहे १५,०००, म्हणजे जेमतेम ३७ दिवस. उजेडाने झालेली झीज रात्री दिवे मालवून भरून येत नाही, ती साठत जाते.

डागाची जागा तर फारच नाजूक. रक्तातल्या लोहामुळे तिथला धागा लवकर ठिसूळ होतो. वाळलेला डाग कडक आणि शेजारचे कापड मऊ, त्यामुळे घडी पडली की नेमके डागाच्या कडेला तुटते. प्रथिनांवर किडे येतात ते वेगळेच. धुण्याचा प्रश्नच नाही, कारण तो डाग म्हणजेच इतिहासाचा पुरावा. हातसुताचा पीळही सगळीकडे सारखा नसतो. कापड टांगले की सैल पिळाचा धागा आधी जातो. म्हणून ते आडवे किंवा किंचित उतरत्या फळीवर, आम्लरहित कागदावर ठेवावे आणि वळणात त्याच कागदाच्या सुरळ्या द्याव्यात. पेटी प्लायवूडची नको, त्यातून आम्लाची वाफ सुटते. पेटीतली आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांवर स्थिर हवी. त्यासाठी आधीच तेवढ्या आर्द्रतेला आणलेले सिलिका जेल (हवेतला ओलावा शोषणारे आणि परत सोडणारे खडे) लागते. दिवसा एसी सुरू आणि संध्याकाळी बंद, हा प्रकार मुळीच नको. सुती धागा रोज फुगतो, आकसतो आणि तुटतो.

आमची सूचना अशी: मूळ वस्त्र ३० जानेवारी आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास पंधरा-पंधरा दिवस दाखवावे. एरवी त्याच पोताच्या हातसुताची प्रतिकृती ठेवावी आणि ती प्रतिकृती आहे हे ठळक अक्षरांत लिहावे. लांबून आलेल्यांना चुटपुट लागेल, हे आम्हाला कळते. पण या तीस दिवसांतच १२,००० लक्स-तास खर्ची पडतात, आणि उरलेले ३,००० तपासणी व छायाचित्रणासाठी लागतातच.

— वस्त्रजतनाचे काम करणारे दोन वाचक, पुणे