बाबा, तुम्ही कोच झालात तेव्हाचं एक विचारायचंय

आई, बाबा, सा. न.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांनी विचारलं, "साहेब झालास न्हवं, मग तोंड का असं पाडलंयस?" आणि मी म्हणलं नेटवर्क खराब आहे. नेटवर्क चांगलं होतं. हे फोनवर सांगायला घेतलं की आईचे डोळे भरतात आणि बाबा "बघू, हुईल" म्हणून विषय मिटवतात, म्हणून टाईप करतोय. लांबलंय जरा, दोन दिवसांत वाचा, चष्मा लावून.

तर झालंय असं की मी ज्या शिफ्टमध्ये सात वर्षं काढली त्याच शिफ्टचा जानेवारीत मॅनेजर झालो आणि तिसऱ्याच आठवड्यात वरून आलं की प्रत्येक शिफ्टमधला एक माणूस कमी करून दिवसपाळीला टाकायचा, आणि नाव मी द्यायचं. मी ज्याचं नाव दिलं तो कोण ते तुम्हाला माहितीये, आई तू त्याच्यासाठी मागच्या वेळी चकली पाठवलेलीस तोच. कामाच्या हिशोबाने नाव बरोबरच होतं, दिवसपाळीला अनुभवी माणूस पाहिजे होता, पण त्याचा रात्रपाळीचा भत्ता गेला, आणि घर भाड्याचं. सकाळी सातला हँडओव्हर घेताना माझ्या हातात परमिटचं पॅड दिलं आणि म्हणाला, "हे घ्या गॅफर." सात वर्षं नावाने हाक मारायचा. इकडे कारखान्यातल्या साहेबाला आणि फुटबॉलच्या मॅनेजरला एकच शब्द आहे, गॅफर. कंट्रोल रूममध्ये आमचे दोन मग शेजारी शेजारी लटकायचे, त्याचा लाल, बोरोचा सिंहवाला. आता तो घरून थर्मास आणतो.

बोरो म्हणजे मिडल्सब्रो, आमचा इथला इंग्लंडमधला फुटबॉल क्लब. मला त्याचा नाद ह्यानेच लावला, पहिल्यांदा रिव्हरसाइडला मॅच बघायला ह्यानेच नेलं, मॅचनंतर पार्मो खायला घातलं (आई, चिकन बडवून पातळ करायचं, तळायचं, वर पांढरा सॉस आणि ढीगभर चीज, तू बघितलंस तर म्हणशील मसाला कुठाय). आणि गॅरेथ साऊथगेटची पूर्ण गोष्ट मला ह्यानेच सांगितली, रात्री तीन वाजता, पंप बघत बघत.

बाबा, तुम्ही साऊथगेटला "जाकीटवाला" म्हणून ओळखता, २०१८ च्या वर्ल्डकपमधला इंग्लंडचा मॅनेजर. आपल्या कोल्हापूरच्या पेठेत सगळे एक तर अर्जेंटिना नाहीतर ब्राझील, इंग्लंडला कोण विचारतो, त्यामुळे त्याच्या आधीचं आपल्याला काही माहिती नसतं. हा माणूस क्रिस्टल पॅलेसचा कॅप्टन, मग ॲस्टन व्हिलाचा कॅप्टन, मग बोरोचा कॅप्टन, जाईल तिथे दंडाला पट्टा. मधे ती १९९६ ची युरोची सेमीफायनल, वेम्बली, समोर जर्मनी. पहिल्या पाच जणांनी पाचही पेनल्टी घातल्या, तिकडून जर्मनांनी पण पाच घातल्या, सहावी मारायला हा गेला. तोपर्यंतच्या करिअरमध्ये एकच पेनल्टी मारलेली, ती पण पोस्टला लागलेली, तरी हा गेला. बॉल खाली ढकलल्यासारखा मारला, जर्मनीच्या गोली कोपकेने अडवला, संपलं. आणि आई, हे तुझ्यासाठी, त्याच्या स्वतःच्या आईने नंतर त्याला विचारलं की अरे जोरात का नाही हाणलास. अख्ख्या देशाला जे विचारायचं होतं ते आईनेच विचारलं. मी बारावीला गणितात माती खाल्ली तेव्हा तू विचारलेलंस, "एवढं सोपं होतं तर सोडवलं का न्हाईस", तसंच डिट्टो.

पण मला सारखं आठवतंय ते पेनल्टीचं नाही, २००६ चं. त्याआधी २००४ ला ह्याच्या कॅप्टनशिपखाली बोरोने कार्डिफला बोल्टनला २-१ हरवून लीग कप घेतला, १२८ वर्षांच्या क्लबचा पहिला मोठा कप. माझा दोस्त तिथे होता, सांगताना अजून गळा दाटतो त्याचा, सातव्या मिनिटाला झेंडेन पेनल्टी मारताना घसरून पडला आणि तरी बॉल आत गेला हे तो उठून ॲक्शन करून दाखवायचा, एकदा तर खुर्ची पाडली. त्या दिवशी डिफेन्सला साऊथगेटच्या शेजारी कोण होता तर उगो एहिओगू. हे दोघे व्हिलापासून बरोबर, वर्षानुवर्षं एकमेकांच्या शेजारी उभे राहून बॉल काढणारे. उगो २००० मध्ये इकडे आला, पाठोपाठ २००१ ला हा. तुमच्याकडे कसं, बॅकची जोडी म्हणजे एकाने पुढे जायचं आणि दुसऱ्याने न बघता मागची जागा धरायची, तसं.

मग १० मे २००६, आइंडहोवनला युएफा कपची फायनल, सेव्हियाने ४-० ने धुतलं. ती साऊथगेटची खेळाडू म्हणून शेवटची मॅच. मॅनेजर मॅक्लॅरेन इंग्लंडची टीम सांभाळायला गेला, आणि महिन्याभरात क्लबच्या मालकाने ह्यालाच मॅनेजर केलं. वय ३५. मॅनेजरला लागतं ते लायसन्स पण नव्हतं, लीगने खास परवानगी दिली. म्हणजे मे महिन्यात ज्यांच्यासोबत बूट काढत एका बाकावर बसायचा, सिझन सुरू झाल्यावर त्यांचीच नावं यादीत घालायची नाहीतर खोडायची. आणि उगो एहिओगू पहिल्याच हिवाळ्यात गेला, आधी लीड्सला उधारीवर, मग जानेवारी २००७ मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सला कायमचा. तिथे जाऊन पठ्ठ्याने सेल्टिकविरुद्ध डोक्यावरून उलटी लाथ मारून गोल केला, मॅच १-० जिंकून दिली. बरं वाटलं असेल का हो साऊथगेटला ते बघून? का पोटात खड्डा पडला असेल? मला मागच्या आठवड्यात रात्री अडीचला हा प्रश्न पडलेला, सांगायला शेजारी कोणी नव्हतं.

२०१७ मध्ये एहिओगू वारला, ४४ वर्षांचा, टॉटनहॅमच्या ट्रेनिंग ग्राऊंडवर कोसळला. पोरांना कोचिंग करायचा तिथे.

मॅनेजर म्हणून साऊथगेटचं पुढे काय झालं ते बोरोच्या कुठल्याही पबमध्ये विचारा, दोन टोकाची उत्तरं मिळतील. १२ वा नंबर, १३ वा नंबर, एकदा मँचेस्टर सिटीला ८-१ ने हरवलं, आणि २००९ ला टीम खालच्या डिव्हिजनमध्ये. ऑक्टोबरमध्ये डर्बीला २-० हरवलं, टीम पहिल्या नंबरच्या एकच पॉइंट मागे, आणि त्याच रात्री मालकाने सांगितलं की तुझं काम थांबवतोय. जिंकलेल्या रात्री! माझा दोस्त म्हणायचा बरं झालं काढला, आणि पाच मिनिटांनी म्हणायचा, पण माणूस चांगला होता यार.

चांगला होता हे मला पटतं, आणि उगाच नाही म्हणत. इंग्लंडचा मॅनेजर झाल्यावर २०१६ मध्ये ह्याने पहिल्याच महिन्यात वेन रूनीला, म्हणजे कॅप्टनला, स्लोव्हेनियाच्या मॅचला बाहेर बसवलं. आणि आदल्या दिवशी पत्रकारांसमोर दोघे शेजारी शेजारी बसले. ज्याला बाहेर काढलं तो बाजूच्याच खुर्चीवर. मी तो व्हिडिओ तीन वेळा बघितला, साऊथगेट बोलताना रूनीच्या तोंडाकडेच बघत होतो मी. २०२१ च्या युरो फायनलला सगळ्यात शेवटची पेनल्टी १९ वर्षांच्या साकाने घालवली, तेव्हा हा मैदानात जाऊन त्याला छातीशी धरून उभा राहिला आणि नंतर सांगितलं की कोण मारणार हे मी ठरवलेलं, दोष माझा. ते त्याला जमणारच होतं, ९६ त्याच्या अंगावर होतं. इंग्लंडचा मॅनेजर म्हणून एकूण १०२ मॅच, दोन युरो फायनल, दोन्ही हरला, आता सर गॅरेथ आहे. हे सगळं नेटवर आहे.

पण चुकलेल्याला मिठी मारायची हे मला कळतं, आईकडून शिकलोय. न चुकलेल्याला बाहेर काढलं तर त्याच्याशी दुसऱ्या दिवशी काय बोलायचं, ते कळत नाहीये. मी दोनदा त्याच्या टेबलापर्यंत गेलो आणि व्हॉल्व्हचं काहीतरी विचारून परत आलो.

बाबा, म्हणून विचारतोय. तुम्ही तालमीच्या टीमचे कॅप्टन होता, मग त्याच टीमचे कोच झालात, आणि शाहू स्टेडियमला फायनलच्या दिवशी गोली काकांना बसवून नवीन पोरगं घातलंत. मी चौथीत होतो, एवढं आठवतंय की त्या दिवाळीला काका फराळाला आले नाहीत, त्याच्या पुढच्या दिवाळीला पण नाहीत, आणि काकांचं नाव निघालं की आई विषय बदलायची. आणि मग मी सातवीत असताना एकदा शाळेतून आलो तर काका आपल्या कट्ट्यावर शेंगा फोडत बसलेले आणि तुम्ही शेजारी, जसं काही झालंच नाही. मधे काय झालं? तुम्ही गेलात का ते आले? पहिल्यांदा तोंड कुणी उघडलं आणि काय बोललं? मला शब्द न् शब्द पाहिजे, "काय न्हाय, झालं आपोआप" असं चालणार नाही.

शनिवारी तुमच्या संध्याकाळी सातला फोन करतो. आई, भाकऱ्या थापत थापत ऐक, पण ह्या वेळी मधे बोलू नको. आणि चकली पाठवणार असशील तर दोन पुडे वेगळे बांध.

तुमचा
बाळू