इम्पेलरच्या आखणीत ‘थोडे जास्त’ कशासाठी?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विजेच्या बचतीचा विषय निघाला की चर्चा मोटरपाशी येऊन थांबते. सेंट्रिफ्यूगल पंपात मोटरची शक्ती पाण्याला मिळते ती मात्र इम्पेलरच्या, म्हणजे पंपात फिरणाऱ्या चाकाच्या, पात्यांवर, आणि तिथल्या आखणीत राहिलेली चूक पंप चालेल तितकी वर्षे वीजबिलात भरावी लागते. इम्पेलरच्या आखणीत बरीच वर्षे काढलेला अभियंता म्हणून एका सवयीविषयी लिहावेसे वाटते.

पाण्याची गरज सांगणारा प्रवाहात दहा टक्के वाढवून सांगतो, पाइपांमधील घर्षणाचा हिशेब करणारा हेडमध्ये, म्हणजे पंपाने पाण्याला द्यायच्या दाबाच्या उंचीत, आणखी दहा टक्के धरतो आणि पंप निवडणारा खात्रीसाठी एक पायरी मोठा इम्पेलर घेतो. प्रत्येकाचा हेतू चांगलाच असतो. परंतु २०० मिलिमीटरऐवजी २२० मिलिमीटर व्यास घेतल्यास तेवढ्याच फेऱ्यांवर हेड सुमारे २१ टक्क्यांनी आणि लागणारी शक्ती जवळपास एक तृतीयांशाने वाढते. मग डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपावरचा, व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवून हे जादा हेड तिथेच मारले जाते.

नुकसान केवळ विजेचे असते तर एक वेळ चालले असते. इम्पेलरच्या डोळ्यातून, म्हणजे मधल्या तोंडातून, आत येणारे पाणी पात्याच्या कडेला कोणत्या कोनात भेटेल, हे प्रवाह आणि फेरे मिळून ठरवतात. पात्याचा प्रवेशकोन आपण त्यावरूनच काढतो, म्हणजे तो एकाच प्रवाहाला नेमका बसतो. प्रवाह त्याहून फार कमी झाला की पाणी पात्यावर सरळ न चढता आदळते, डोळ्यापाशी उलटे फिरू लागते, आणि केसिंगमधील, म्हणजे इम्पेलरभोवतीच्या कवचातील, दाब सर्व बाजूंनी सारखा न राहिल्याने शाफ्ट एका अंगाला रेटला जाऊन बेअरिंग आणि सील लवकर जातात. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवला तर उलट घडते: प्रवाह वाढतो, सक्शनला, म्हणजे पाणी आत घेण्याच्या बाजूला, लागणारा दाब अपुरा पडतो, पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढे दाब वाढताच पात्यावर फुटतात. असा पंप चालू असताना आत खडी फिरत असल्यासारखा आवाज येतो. त्यातून काढलेला इम्पेलर मी हातात घेऊन पाहिला आहे. बाहेरची कड जवळजवळ नवी होती, पण डोळ्याकडील पात्यांवर बोट फिरवले तर धातू स्पंजासारखा खडबडीत लागत होता.

पात्यांची संख्या बहुधा पाच ते सात असते आणि ती फिरण्याच्या उलट दिशेला झुकलेली असतात, हे पाठ्यपुस्तकात असतेच. अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरने मांडलेल्या समीकरणावरून हेडही काढता येते, मात्र पाणी पात्याच्या वळणाबरहुकूम पुरते वळत नसल्याने त्यातून वजावट करावी लागते. हे सारे गणित ज्या प्रवाहासाठी मांडायचे तोच फुगवलेला असेल, तर उत्तम आखलेला इम्पेलरही चुकीच्या कामावर लागतो.

म्हणून पंपाच्या मागणीपत्रात खरा प्रवाह आणि खरे हेड आधी लिहावे, राखीव टक्के वेगळ्या रकान्यात आणि एकदाच धरावेत. बसवलेला पंप मोठा निघाला, तर व्हॉल्व्ह कायमचा आवळण्याऐवजी फेरे कमी करावेत किंवा इम्पेलर लेथवर थोडा थोडा उतरवून प्रत्येक वेळी चाचणी घ्यावी. एकदम फार उतरवला तर पात्यांची लांबी कमी पडते, केसिंगमधील मोकळी जागा वाढते आणि कार्यक्षमता घसरते. उतरवलेला धातू पुन्हा चढवता येत नाही.

कळावे,
आपला,
एक पंप अभियंता