पाच गुलामांची तीन डोकी

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, की अमेरिकेच्या घटनेत काळ्या माणसाला तीन पंचमांश माणूस धरलं होतं, ते डोक्यातून जाईचना. रात्री बसून ते कलम वाचून काढलं. अरे, आपण समजत होतो त्याच्या उलटंच आहे सगळं! गुलामांना पूर्ण मोजा म्हणून हटून बसले होते ते त्यांचे दक्षिणेकडचे मालक, आणि मोजूच नका म्हणत होते ते उत्तरेकडच्या राज्यांतले.

कारण तिथल्या संसदेच्या प्रतिनिधीगृहातल्या राज्याराज्याच्या जागा लोकसंख्येवर मिळणार होत्या, मग डोकी गुलामांची मोजायची आणि मत टाकायचं मालकाने. 1787 ला फिलाडेल्फियात घटना लिहिताना भांडून भांडून शेवटी पाच गुलामांची तीन डोकी धरायची असं ठरलं. उत्तरेतल्या पेन्सिल्व्हेनियाच्या मॉरिस नावाच्या प्रतिनिधीने तिथंच तोंडावर विचारलं होतं, ती माणसं आहेत का, मग मत द्या त्यांना, आणि मालमत्ता असतील तर बाकी मालमत्ता का मोजत नाही? कोणाकडे उत्तर होतं रे याचं. कलमात तर गुलाम हा शब्दच नाही, नुसतं 'इतर सर्व व्यक्ती'.

मग मी वही घेतली आणि 1790 च्या शिरगणतीचे आकडे मांडले. दक्षिणेतल्या व्हर्जिनियात स्वतंत्र माणसं साधारण 4 लाख 55 हजार, पेन्सिल्व्हेनियात 4 लाख 30 हजार, म्हणजे उन्नीस-बीसचाच फरक. पण व्हर्जिनियात वर 2 लाख 92 हजार गुलाम, त्यांचे तीन पंचमांश म्हणजे पावणेदोन लाख, आणि 33 हजारांना एक जागा. व्हर्जिनियाला जागा मिळाल्या 19, पेन्सिल्व्हेनियाला 13. दोनदा भागाकार केला मी, सहा जागा निव्वळ त्या बांधलेल्या माणसांच्या डोक्यांवर, ज्यांना स्वतःचं पोरसुद्धा विकलं जाताना अडवता येत नव्हतं. फार त्रास झाला बघ तो आकडा लिहिताना.

आणि राष्ट्राध्यक्ष निवडणारी मतंही याच हिशोबाने वाटलेली. 1800 च्या निवडणुकीत व्हर्जिनियाच्या जेफरसनला 73 मतं, उत्तरेच्या अॅडम्सला 65. पहिल्या 36 वर्षांतली 32 वर्षं व्हर्जिनियाचाच माणूस राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीवर, एकूण चौघं, आणि चौघंही गुलाम बाळगणारे.

1868 च्या घटनादुरुस्तीने सगळ्यांना पूर्ण मोजायला लागले खरे, पण पुढे दक्षिणेत काळ्यांना मतदानाला फिरकू दिलं नाही, त्यामुळे दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या जागा उलट वाढल्याच, मालकांनी मागितलेलं पूर्ण माप त्यांच्या नातवंडांच्या पदरात पडलं, थेट 1965 चा मतदान हक्काचा कायदा येईपर्यंत.

वही ठेवलीये, आलास की दाखवतो.

तुझाच,
बाळ्या