दुपारची वीज स्वस्त केलीत, मागणी आकाराचे काय?

मा. ऊर्जामंत्री महोदय,
स. न. वि. वि.

दुपारी सौर वीज मुबलक, म्हणून दुपारचा दर उतरवला की कारखाने आपला लोड तिकडे वळवतील, हा हिशेब कागदावर बिनतोड दिसतो. बिलात मात्र तो अडतो. उद्योगाच्या बिलात युनिटच्या दराखेरीज मागणी आकार असतो आणि तो महिन्यातल्या सर्वांत जड 15 किंवा 30 मिनिटांवर लागतो. समजा, एका सिमेंट कारखान्यात 10 मेगावॉटचा कायमचा लोड आहे आणि 4-4 मेगावॉटच्या दळणाच्या दोन मिल. एक दिवसा, एक रात्री चालवली तर कमाल मागणी 14. दोन्ही दुपारी लावल्या, म्हणजे ग्रीडला हवे तेच केले, की मीटर 18 दाखवतो. स्वस्त युनिटांत जे वाचले ते मागणी आकारात जाते. करारमागणी, म्हणजे वीज कंपनीशी ठरलेली कमाल मर्यादा, ओलांडली तर वर दंड. असा कारखानदार पुढच्या महिन्यात दुसरी मिल परत रात्रीच लावणार, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

तेव्हा मागणी आकारासाठी फक्त संध्याकाळच्या गर्दीच्या तासांतली कमाल मागणी धरावी. दुपारची जादा मागणी मोजणीतून वगळावी, पण ट्रान्सफॉर्मर आणि फीडर (उपकेंद्रातून भागाला वीज देणाऱ्या वाहिन्या) पेलतील तितकीच. सरसकट सूट दिली तर स्थानिक फीडरच दुपारी तापतील.

दुसरे, कपातीचे: संध्याकाळच्या गर्दीत ग्रीड नोटीस देऊन, मोबदल्यावर, कारखान्यांना वापर कमी करायला सांगते. पण सगळ्याच यंत्रांना एका फटक्यात ‘बंद’ म्हणता येत नाही. सिमेंट मिल थांबते, कारण सायलोत (साठवणीच्या टाकीत) माल असतो. किल्न, म्हणजे सिमेंटची फिरती भट्टी, थांबत नाही: तापलेली नळी फिरायची थांबली तर स्वतःच्या वजनाने वाकते. पोलाद वितळवणारी आर्क भट्टी दोन हीटच्या (वितळवण्याच्या फेऱ्यांच्या) मध्ये अर्धा तास थांबवता येते, पण अर्धवट वितळलेला हीट सोडून थांबलो तर धातू थिजतो आणि तो पुन्हा वितळवायला जादा वीज जाते. अॅल्युमिनियमच्या पॉटलाइनमधला (विजेने धातू वेगळा करणाऱ्या कुंडांच्या रांगेतला) रस 960 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. तिथे थोडी कपात काही काळ चालते, पण वीज चार-पाच तास पूर्ण गेली तर रस गोठतो आणि लाइन उभी करायला महिने जातात. म्हणून कपातीची नोटीस, तिचा कमाल कालावधी आणि मोबदला प्रक्रियेनुसार ठरवा.

कपात संपतानाचा धोकाही नियमांत यायला हवा. दोन तास थांबलेल्या शीतगृहांचे कॉम्प्रेसर एकाच मिनिटाला सुरू झाले, तर जिंकलेली संध्याकाळ पुन्हा हरलो. परतीचा क्रम टप्प्याटप्प्याने, प्रत्येक कारखान्याला वेगळ्या मिनिटाला द्यावा. शिवाय मोटारी बंद झाल्या आणि कपॅसिटर बँक (मोटारींमुळे घसरणारा पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला कामी येणारा वाटा, सावरणारा संच) लाइनवरच राहिली, तर पॉवर फॅक्टर लीडिंग होतो, म्हणजे ही भरपाई गरजेपेक्षा जास्त होते, आणि व्होल्टेज चढते. ग्रीडच्या सांगण्यावरून थांबलेल्या कारखान्याला त्यासाठी दंड लावणे अन्यायाचे आहे. पण कपॅसिटर आपोआप उतरवणारे पॅनेल सक्तीचे करायला आमची हरकत नाही.

राहिला मोबदला. तो ‘नेहमी किती वापरले असते’ या अंदाजावर मिळतो आणि खरी लबाडी इथेच शिरते: नोटिशीच्या आदल्या दिवसांत मुद्दाम वापर फुगवायचा, मग कपात दाखवायची. मागच्या 10 कामाच्या दिवसांची सरासरी घ्या, त्यातून सुट्ट्या, दुरुस्तीचे दिवस आणि आधीच्या कपातीचे दिवस वगळा. नोटीस निघाल्यानंतरचा वापर त्या सरासरीत कधीच धरू नका.

आपले,
उद्योगांतील वीजवापराचे काम पाहणारे अभियंते