पंचवीस मीटरवरची नंबर प्लेट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझं वय ६८. राहणार विलेपार्ले पूर्व. १९८४ साली प्रीमियर पद्मिनीवर गाडी शिकले, तेव्हापासून मुंबईत गाडी चालवते आहे. यजमानांना कंपवात आहे, आठवड्यातून दोनदा त्यांना उपचारांसाठी परळला न्यावं लागतं. आमच्याकडची रिक्षा वांद्र्यापुढे जात नाही. तिथे उतरून, काठी आणि पिशवी सांभाळत त्यांना टॅक्सीत बसवायचं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनाच कळेल. तेव्हा लायसन्स ही माझी हौस नाही, गरज आहे.

गेल्या वर्षी त्याची मुदत संपत आली. पंचावन्न उलटल्यावर ते पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं. शिवाय चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला नूतनीकरणाच्या अर्जाबरोबर डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-अ, द्यावं लागतं. ओळखीतल्या एकांनी एजंटचा नंबर दिला. "मावशी, तुम्ही कशाला दगदग करता? फोटो आणि आधार द्या फक्त," तो म्हणाला. संध्याकाळी कागद हातात आला. सही, शिक्का, सगळं जागच्या जागी.

मी तो शांतपणे वाचला. चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का? लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का? रातांधळेपणा आहे का? हॉर्न ऐकू येण्याइतके कान शाबूत आहेत का? सगळ्या प्रश्नांना माझ्या वतीने उत्तरं दिलेली होती, आणि देणाऱ्या डॉक्टरांनी मला एकदाही पाहिलेलं नव्हतं.

एरवी मी तो कागद अर्जाला जोडूनही टाकला असता, हे कबूल करते. पण त्याच पावसाळ्यात एक प्रसंग घडला होता. परळहून परतताना रात्र झाली. समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती मला पांढरं वलय दिसत होतं, काच कितीही पुसली तरी जात नव्हतं. एस. व्ही. रोडवर काळी छत्री घेतलेली एक बाई रस्ता ओलांडत होती. मला ती दिसलीच नाही. "अगं, थांब!" यजमान ओरडले. ज्यांचा आवाज हल्ली शेजारच्या खोलीतही पोहोचत नाही, ते ओरडले. गाडी थांबली तेव्हा ती बाई बॉनेटपासून हातभर अंतरावर होती. घरी आल्यावर मी पावसाला दोष दिला आणि विषय संपवला.

तो कागद हातात आल्यावर मात्र गप्प बसवेना. सोसायटीच्या आवारात टेप घेऊन वॉचमनच्या मदतीने २५ मीटर मोजले. गेटपासून पंपाच्या खोलीपर्यंत जेमतेम तेवढंच भरतं. गेटजवळ उभ्या असलेल्या शेजाऱ्यांच्या गाडीची नंबर प्लेट दोन्ही डोळ्यांनी वाचता आली. डावा डोळा झाकला, तर आठ आहे की तीन ते सांगता येईना.

नेत्रतज्ज्ञांकडे गेले. उजव्या डोळ्यात पिकत आलेला मोतीबिंदू. त्यांनी समजावलं की तो इतक्या सावकाश वाढतो की माणसाला सवय होत जाते, आणि बरा डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो. शिवाय त्रास आधी जाणवतो तो रात्री, झगझगीत दिव्यांसमोर. म्हणजे 'चांगल्या उजेडात' घेतलेली ती चाचणी प्रामाणिकपणे घेतली असती, तरी मी कदाचित उत्तीर्ण झाले असते! काचबिंदूचं तर आणखी अवघड. तो काही न दुखता बाजूची नजर खात जातो आणि समोरची प्लेट स्पष्ट दिसत राहते.

शस्त्रक्रिया झाली. त्या काळात लायसन्सची मुदत संपली. इथे माझ्या वयाच्या वाचकांना एक सांगावंसं वाटतं. मुदत संपल्यावर ३० दिवस गाडी चालवता येते, असं आमच्यातले बरेच जण अजून धरून चालतात. ती सवलत मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत गेली. मुदत संपली की चालवायचं नाही, पकडले गेलात तर दंड ५,००० रुपये. नूतनीकरणाचा अर्ज मात्र मुदतीच्या वर्षभर आधीपासून करता येतो. नंतरही वर्ष मिळतं, पण ते ओलांडलं तर पुन्हा गाडी चालवण्याची चाचणी द्यावी लागते. ते दोन महिने आम्ही टॅक्सीने काढले. ऑनलाइन अर्ज मुलीने भरून दिला, त्यात काही अडलं नाही.

वृद्धांनी गाडी चालवूच नये, वयाची मर्यादा घाला, असं अधूनमधून कोणी ना कोणी म्हणतं. मला ते मुळीच पटत नाही. आमच्याच इमारतीत ७९ वर्षांचे एक गृहस्थ आहेत, ते दरवर्षी डोळे तपासून घेतात आणि अंधार पडल्यावर चावीला हात लावत नाहीत. त्यांच्या गाडीत मी निर्धास्त बसते. माझं म्हणणं एवढंच आहे की तपासणी खरोखर व्हावी. साठीनंतरच्या फॉर्मवर दोन्ही डोळ्यांच्या नजरेचे आकडे, मोतीबिंदू आणि काचबिंदूची नोंद नेत्रतज्ज्ञांनी स्वतःच्या हाताने करावी. खासगी डॉक्टरांची फी सगळ्यांना परवडणार नाही, तर केईएम, नायर, सायन, कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत त्यासाठी आठवड्यातला एक दिवस ठेवावा. आपल्या आईवडिलांचा कागद एजंटकडून 'करून घेणाऱ्या' मुलांनाही माझी कळकळीची विनंती आहे. त्यांना आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.

मला आता पाच वर्षांसाठी लायसन्स मिळालं आहे, खऱ्या तपासणीनंतरच्या प्रमाणपत्रावर. तो पहिला कागद कपाटात जपून ठेवला आहे. परिवहन खात्यातल्या कोणा अधिकाऱ्यांना पाहायचा असेल, तर सांगतील तिथे घेऊन यायला मी तयार आहे.

आपली,
एक वाचक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई