काकवी बदलापूरला गेली, त्याबद्दल

प्रिय वैशू,

परवा फोनवर तू आमच्या मांजरीबद्दल, काकवीबद्दल विचारलंस, "एवढं सगळं केलंस आणि दिलीस कशी गं?" आणि मी काहीतरी बाबांच्या दम्याचं सांगून विषय बदलला. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. फोन ठेवल्यावर रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून आता निवांत बसून सगळं लिहिते, लांबलं तर दोन बैठकीत वाच.

तुला फक्त फोटो माहितीये, सुरुवात माहीत नाही. जुलैचा पहिला आठवडा, डोंबिवलीत तीन दिवस थांबून थांबून पाऊस चालू होता आणि पार्किंगमध्ये एका बंद पडलेल्या स्कूटरखाली ती बसलेली. आधी वाटलं ओलं फडकं पडलंय, मग फडक्याला डोळे दिसले. उठायला गेली तर मागचा भाग उचललाच जाईना, पुढच्या दोन पायांवर ओढत ओढत भिंतीकडे सरकली. गाडी लागली की वरून पडली ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी वर जाऊन सुकट आणली, कपड्यांची बास्केट आणली, जाड टॉवेल आणला आणि सगळं करून वीस मिनिटांनी ती बास्केटमध्ये आणि माझ्या मनगटावर तीन ओरखडे. (ओरखडे पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुतले आणि दुसऱ्या दिवसापासून सरकारी दवाखान्यात रेबीजची इंजेक्शनं, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. हे तुला मुद्दाम सांगतेय कारण तू शेतावरच्या मांजरांना हात लावतेस आणि ओरखडा म्हणजे काही नाही असं म्हणतेस. तसं म्हणू नको प्लीज.)

एक्स-रेमध्ये निघालं पेल्विस, म्हणजे कमरेचं हाड, दोन ठिकाणी मोडलेलं. मला वाटलं आता ऑपरेशन, प्लेटा, लाखभर रुपये. पण डॉक्टर म्हणाल्या की मांजरांचं असं फ्रॅक्चर बऱ्याचदा नुसत्या विश्रांतीने जुळतं, फक्त विश्रांती म्हणजे खरी विश्रांती, सहा आठवडे पिंजऱ्यात, उडी नाही, चढणं नाही, काही नाही. आणि रोज दोन गोष्टी बघायच्या, शू होतेय का आणि शी होतेय का, कारण त्याच हाडाच्या आत मूत्राशय आणि आतडी असतात आणि तिथे दाब आला तर हाड जुळूनही उपयोग नाही.

मग आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला तीन फुटी फोल्डिंग पिंजरा आला, वरून आईची जुनी सुती साडी टाकली अंधार व्हावा म्हणून. मांजरांच्या शी-शूसाठी असतो तो लिटरचा ट्रे विकत आणला तर त्याची कड तिला ओलांडता येईना, मग कुंडीखाली ठेवतात ती पसरट प्लेट घेतली, त्यात फाडलेले पेपर. पहिल्या रात्री मी दर तासाला उठून टॉर्च मारून बघत होते पेपर ओला झाला का. पहाटे चारला झाला. वैशू, मी बाबांना उठवून सांगितलं, आणि बाबा म्हणाले "वा वा" आणि परत झोपले.

शी मात्र तीन दिवस नाही. डॉक्टरांनी पातळ औषध दिलं आणि उकडलेला लाल भोपळा कुस्करून खाण्यात मिसळायला सांगितला, बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनमध्ये. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तर आई दारातच म्हणाली "झाली!" आणि मला काय झालंय हे विचारावं लागलं नाही.

रंग तर तू बघितलाच आहेस, काळ्यावर मध्येच तांबूस पिवळं ओघळल्यासारखं. तुमच्या गुऱ्हाळावर मोठ्या कढईत रस आटत येतो तेव्हा कडेला जो रंग दिसतो ना अगदी तो, म्हणून काकवी. डॉक्टरांनी तर पिंजऱ्याकडे नुसतं बघून "ही मादी" सांगितलं होतं. केशरी रंगाचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो म्हणे, त्यामुळे काळा आणि केशरी दोन्ही एकत्र यायला दोन एक्स लागतात, असा बोका हजारोंत एखादाच.

आता मुद्दा औषधांचा, आणि इथेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

दिवसातून दोनदा गोळी किंवा सिरिंजमधून औषध. खाण्यात लपवून बघितलं, ती चिकन चाटूनपुसून खायची आणि गोळी प्लेटच्या मधोमध तशीच. मग तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं टॉवेलात गुंडाळायचं, मांडीत धरायचं, जबड्याच्या कोपऱ्यात बोट घालून तोंड उघडायचं, गोळी मागे टाकायची, तोंड मिटून धरून गळ्यावरून हात फिरवायचा गिळेपर्यंत. तिचं हृदय माझ्या तळव्याखाली इतकं जोरात धडधडायचं की मलाच रडू यायचं. ती चावली नाही कधी, पहिल्या दिवसानंतर एकदा ओरखडलंही नाही. फक्त डोळे मोठे करून बघायची. चौथ्या आठवड्यात असं झालं की गोळ्यांच्या पाकिटाचा तो चुर्र आवाज आला की तिचे कान मागे जाऊन डोक्याला चिकटायचे आणि ती पिंजऱ्याच्या टोकाच्या कोपऱ्यात. आणि मग नुसत्या माझ्या पायांच्या आवाजाने. आई गेली की म्याव, बाबा लांबून बोलले की म्याव, मी गेले की कोपरा. मी तिला खायला घालत होते, तिची प्लेट धूत होते, सगळं करत होते, पण माझा हात तिच्यासाठी औषधाचा हात होता. तो तसाच राहिला.

(शेजारच्या काकांनी मध्येच सुचवलं होतं की दुखत असेल तर पाव पॅरासिटामॉल द्या, माणसांना चालतं ना. वैशू, मांजरांना ते विष आहे, त्यांच्या लिव्हरला ते पचवताच येत नाही, एवढीशी गोळी जीव घेते. तुझ्या घरी सगळ्यांना सांगून ठेव.)

ऑगस्टच्या शेवटी पुन्हा एक्स-रे, हाड जुळलं. चालताना किंचित डावीकडे झोकते, तेवढं राहिलं. मग नसबंदी, आणि ती तर करायलाच हवी होती कारण असं हाड जुळताना आतली वाट अरुंद होते, पिल्लं बाहेर यायला जागा मिळत नाही. लसी झाल्या, तीन रोगांची एकत्र आणि रेबीजची. सगळं मिळून साडेअकरा हजार गेले, त्यातले चार ऑफिसमधल्या मुलींनी जमवले.

आणि मग घर शोधणं. मी फोटो टाकले तसे फोन यायला लागले आणि दर दुसरा फोन "पांढरी आहे का?", "पर्शियन आहे का?", एकाला किराणा दुकानात उंदरांसाठी हवी होती रात्री शटर बंद करून ठेवायला, एक बाई म्हणाल्या फोटोत केशरी वाटली पण काळीच जास्त आहे, आमच्या सासूबाईंना चालणार नाही. सोसायटीतल्या एकांनी तर सरळ सांगितलं की आता बरी झाली ना, मासळी बाजारात सोडून या, तिथे काय खाण्याची कमी. मी त्यांना १९६० चा प्राण्यांच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा सांगितला, जनावर उपाशी मरेल असं टाकून देणं हा त्यात गुन्हा आहे, पण खरं म्हणजे मला कायदा नव्हता सांगायचा, मला विचारायचं होतं की सहा आठवडे तुम्ही येताजाता दारातून तिला बघितलंत ना?

शेवटी भांडुपचं एक जोडपं मिळालं, नवीन लग्न झालेलं, गोड बोलणारं, चौदावा मजला. खिडक्यांना जाळी लावू म्हणाले, मी विश्वास ठेवला आणि घर न बघता दिली. ही माझी चूक, आणि मी ती कुणावर ढकलत नाही. नवव्या दिवशी फोन, ती वॉशिंग मशीनच्या मागून निघतच नाही, खेळत नाही, आम्हाला वाटलं होतं मांडीत बसेल, घेऊन जा. मी पोचले तर जाळी नाहीच, स्लायडिंग उघडी आणि खाली चौदा मजले. मांजर पडलं तरी पायावर उतरतं म्हणतात लोक, कबुतरामागे झेप घेऊन पडलेली मांजरं डॉक्टरांकडे कशी येतात ते त्यांनी एकदा बघावं. ती मशीनच्या मागे धुळीत बसलेली, अंगावर जळमटं. दोन दिवस नीट खाल्लंच नव्हतं आणि मांजर तसं उपाशी राहिलं की लिव्हरवर जातं.

परत येताना रात्रीची लोकल, लेडीज डबा. मी कॅरिअर मांडीत घेऊन बसलेले आणि आतून आवाज नाही. समोर क्लिपा आणि रबरबँड विकणारी एक ताई दिवसभराचा हिशोब करत होती, तिने पाटी बाजूला ठेवली, वाकून जाळीतून बघितलं आणि विचारलं, "माहेरी चालली का?" एवढंच. मी मान हलवली आणि ठाणं जाईपर्यंत मला बोलता आलं नाही.

घरी आल्यावर ती तीन दिवस सोफ्याखाली. आणि बाबांची रात्रीची खोकल्याची उबळ वाढली, पंप दिवसातून चारदा लागायला लागला. ते एकदाही म्हणाले नाहीत की हिला काढ. म्हणूनच ठेवणं शक्य नव्हतं, कळतंय ना तुला?

मग सर भेटले. बदलापूरला राहतात, रिटायर्ड, शाळेत भूगोल शिकवायचे, काकू गेल्या त्याला दोन वर्षं झाली. ह्या वेळी मी आधी अटी सांगितल्या, जाळी, वर्षाच्या लसी, फॉर्म, आणि काहीही झालं तरी रस्त्यावर नाही, परत माझ्याकडे. ते म्हणाले, "तुमच्या अटी बरोबर आहेत, पण आधी तिला मी चालतोय का बघू." तीन रविवार आले. यायचे, सोफ्यासमोर जमिनीवर बसायचे, गुडघे दुखतात तरी जमिनीवरच, आणि पेपर मोठ्याने वाचायचे. तिच्याकडे बघायचेच नाहीत. पहिल्या रविवारी काही नाही. दुसऱ्या रविवारी एक मिशी दिसली. तिसऱ्या रविवारी हवामानाची बातमी चालू असताना ती बाहेर आली, पेपरचा खालचा कोपरा हुंगला आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्याला डोकं घासलं. सर वाचायचे थांबले नाहीत, फक्त आवाज जरा बदलला.

मी जाऊन घर बघून आले, जाळी ओढून बघितली, आणि त्यांना सांगितलं की आधी एकच खोली द्या, सवय झाली की बाकीचं घर. ऑक्टोबरच्या शेवटी ती गेली.

गेल्या रविवारी मी भेटायला गेले होते. खिडकीत उन्हाचा पट्टा पडलेला आणि त्यात ती आडवी, पोट उघडं टाकून, चारही पाय सैल, झोपेत पुढचा पंजा मिटतोय उघडतोय. आमच्याकडे चार महिन्यांत ती एकदाही अशी झोपली नाही, कायम पाय पोटाखाली, उठायच्या तयारीत. मी दारात तशीच उभी राहिले. मग तिला माझा वास आला असणार, डोळे उघडले, उठली, जवळ आली, माझी बोटं हुंगली एकदा, नीट, आणि शांतपणे चालत कॉटखाली गेली. मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. सर बिचारे ओशाळले, म्हणाले चहाच्या वेळेला येईल बघा. मी म्हटलं राहू दे सर, तिला बाहेर काढू नका.

बदलापूर स्टेशनवर रडले, ते खरंय. पण मला त्या कॉटखालच्या अंधाराचं वाईट नव्हतं वाटत. उन्हातल्या त्या पोटाचं रडू येत होतं. तिला असं माणूस हवं होतं ज्याच्या हाताने तिला कधी दुखलेलं नाही, आणि ते मी कितीही प्रेम केलं तरी होऊ शकले नसते. म्हणून दिली, वैशू. बाबांना दमा नसता तरी बहुतेक दिली असती.

तू जानेवारीत येतेयस ना, तर येताना काकवीच्या दोन बाटल्या आण, आता गुऱ्हाळं चालू असतील. एक आम्हाला आणि एक बदलापूरला न्यायचीये. सर म्हणत होते लहानपणी भाकरीबरोबर खायचो, त्यानंतर कितीतरी वर्षांत चाखली नाही, आणि आता दिवसातून पन्नास वेळा नाव घेतो तिचं. आपण दोघी जाऊ, तुझ्याजवळ ती येईल बघ.

तुझीच,
मीनू